नळीला मानवणारी गोळी

एन.सी.सी.त असताना .२२ ची गोळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती बोटांना चिकट लागली. साताऱ्यातला डिसेंबरचा कॅम्प होता, अजिंक्यताऱ्याकडून गार वारा येत होता. मी गोळी शर्टाच्या बाहीला पुसली आणि उस्तादांनी माझं मनगट धरलं. तो चिकटपणा म्हणजे घाण नव्हती. गोळीच्या शिशाला कारखान्यातच लावलेलं मेणासारखं वंगण होतं ते. ते पुसलं की शिसं नळीत कोरडं घासत जातं आणि गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. त्या दिवशी प्रत्येकाला पाच गोळ्या मिळाल्या. माझ्या तीन एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा बसल्या, दोन भलतीकडेच गेल्या. ‘दम सोडलास’ असं उस्ताद म्हणाले आणि मी ते खरं मानलं.

खरंही असेल. पण पुढे भाचीच्या निमित्ताने या विषयात शिरलो तेव्हापासून त्या दोन गोळ्यांविषयी मनात शंका आहे.

भाची आठवीत असताना १० मीटर एअर रायफल शिकू लागली. या प्रकारात निशाणाच्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, पेन्सिलच्या टोकाने टेकवल्यासारखा. छर्रा साडेचार मिलीमीटरचा, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. मधे कंबर बारीक, मागे घेरदार झगा आणि पुढचं तोंड सपाट. तोंड सपाट ठेवण्याचं कारण म्हणजे कागदाला फाटकं भोक न पडता पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल छिद्र पडावं. तीन महिने पोरीचे गुण वर सरकेनात. घरी येऊन मुकाट्याने जेवायची. वहीत रोज लिहायची : खांदा चुकला, चाप ओढताना घाई झाली, लक्ष नव्हतं. मग एके दिवशी प्रशिक्षकांनी तिची रायफल शिकंज्यात आवळली. माणसाचा हात, श्वास, डोळा, सगळं बाजूला काढून नुसती नळी आणि छर्रा उरला. तिच्या डब्यातले दहा छर्रे मारले तर कागदावर चवलीएवढा फाटका खळगा झाला. दुसऱ्या डब्यातल्या दहा छऱ्यांनी मिळून सहा मिलीमीटरचं एकच स्वच्छ भोक पाडलं. आम्ही घेतलेला डबा वरून सारखाच दिसत होता, पण त्यात दोन मापांचे छर्रे मिसळलेले निघाले. एक ४.४९ चा आणि दुसरा ४.५१ चा, म्हणजे डोक्याच्या व्यासात मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाचा फरक.

तीन महिने पोरगी स्वतःला दोष देत होती. हे मला फार लागलं आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तेच आहे. नेमबाजीची गोष्ट आपण नेहमी एकाग्रतेची, मनाच्या ताकदीची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण गोळी जर दर वेळी वेगळी वागत असेल, तर त्या मनाने शिकायचं कशावरून?

नेमबाज लोक ‘चांगली गोळी’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘या नळीला ही गोळी मानवते’ असं म्हणतात. आपण पाणी मानवलं, हवा मानवली म्हणतो, तसंच. .२२ ची गोळी साध्या काडतुसासारखी पुन्हा भरता येत नाही. तिचा स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेला, घडीच्या आत असतो. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते आणि बार होतो. मोठ्या बोअरच्या रायफलीचे नेमबाज घरी दारू मोजून, गोळी निवडून स्वतःचं काडतूस भरू शकतात. .२२ वाल्याला ती सोय नाही. कारखान्याने जे भरलं ते भरलं. म्हणून त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे निवड. आणि ती नुसत्या ब्रँडची नसून लॉटची असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची गोळी, पण दारूचा घाणा वेगळा, मसाला कालवलेला दिवस वेगळा. एक लॉट एका नळीतून अंगठ्याच्या नखाएवढा गट, म्हणजे छिद्रांचा पुंजका, देतो आणि शेजारच्या रायफलीतून तोच लॉट विस्कटतो.

मोठे नेमबाज यासाठी गोळी बनवणाऱ्यांच्या दारात जातात. बर्मिंगहॅमची इली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आर.डब्ल्यू.एस. ही या धंद्यातली मानाची नावं. इली १८२८ पासून काडतुसं करते. लापुआ आणि इलीच्या चाचणीच्या रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन बसतो, नळी शिकंज्यात जाते आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या सोडून गट मोजले जातात. दिवसभराने एखादा लॉट नंबर वहीत गोल केला जातो. मग त्या लॉटच्या जमतील तेवढ्या पेट्या एकदमच घ्यायच्या, कारण तो संपला की पुन्हा तसा मिळेलच असं नाही. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की गडी लगेच मोठी मोटर बसवायला धावतो, तसलीच ही घाई.

यात किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. ५० मीटर रायफलच्या निशाणात दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. गोळी केंद्रापासून ०.८ मिलीमीटर सरकली की एक दशांश जातो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. अंतिम फेरीतल्या ४४ गोळ्यांची सरासरी काढली तर गोळीमागे साधारण १०.२६ येते, म्हणजे केंद्रापासून जेमतेम साडेपाच मिलीमीटर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभा राहून एवढ्याशा जागेत गोळ्या घालत होता. जी गोळी स्वतःच पंचवीस मिलीमीटर इकडेतिकडे करते, तिने हे कुणालाही जमणार नाही.

कुसाळेच्या पदकाने महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. आधीचं १९५२ च्या हेलसिंकीतलं, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. कुस्तीला निदान माती गावात मिळते. नेमबाजीत प्रत्येक सराव म्हणजे खर्ची पडलेलं शिसं, दारू आणि पितळ. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या, जागतिक नेमबाजीत हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्यामागे कोल्हापूरची दुधाळीची रेंज होती. आमच्या सातारा-सांगलीच्या मुलांना पुढे जायचं तर दुधाळी किंवा पुण्याची बालेवाडी गाठावी लागते.

गोळीचा वेग हा या विषयातला सगळ्यात गैरसमजाचा भाग. दुकानात उभा राहिलेला नवखा माणूस वेगवान गोळी मागतो. वेग जास्त म्हणजे गोळी लवकर पोचणार, वाऱ्याला कमी वेळ मिळणार, असा त्याचा हिशेब. .२२ च्या बाबतीत तो उलटा पडतो. निशाणाची गोळी मुद्दाम हळू ठेवलेली असते, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. वेगवान गोळी ३८० च्या घरात सुटते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरणीत तिला हवेचे धक्के बसतात आणि तिचा वेगही फार झपाट्याने झडतो. जितका वेग झडतो तितका वारा तिला जास्त ढकलतो. म्हणून आडव्या वाऱ्यात वेगवान गोळी हळू गोळीपेक्षा जास्त वाहते. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. कागदावर बघितल्यावर पटलं.

आणि वारा म्हणाल तर तो आमच्याकडे भरपूर. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी राहिलेली नाही. सेकंदाला चार-साडेचार मीटरचा आडवा वारा, म्हणजे अंगावरचा सदरा फडफडेल एवढाच, ५० मीटरवर .२२ च्या गोळीला दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला नेतो. आठचं किंवा सातचं वर्तुळ गाठायला एवढं पुरे. म्हणून रेंजवर बारक्या फिती लावलेल्या असतात आणि मुरलेला नेमबाज चापावर बोट ठेवून फितीकडे बघत बसतो. माझं मत असं, की आमच्याकडे वाढलेल्या मुलांना हा वारा वाचायला शिकवला तर तो त्यांच्या पदरात पडलेला फायदाच आहे.

ऊनही हिशेबात धरावं लागतं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर असतो, ३५ अंशाला ३५२. म्हणजे युरोपच्या थंडीत आवाजाच्या काठावर डगमगणारी गोळी आमच्या उन्हाळ्यात निवांत खाली राहते. पण त्याच उन्हात दारू जरा जास्त जोरात पेटते, आणि पेटी उन्हात उघडी राहिली तर गोळीवरचं वंगण पातळ होऊन त्यावर धूळ बसते. भाचीच्या क्लबात आता पेटी रुमालाखाली सावलीत ठेवतात आणि लागतील तेवढ्याच गोळ्या ठोकळ्यावर काढतात. दुसरी एक शिस्त मला फार आवडली. गोळीचा प्रकार बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्यांचे गुण मोजत नाहीत. आधीच्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत नळी रुळलेली नसते.

सगळ्यांना इलीची टेनेक्स ही गोळी परवडणार नाही, आणि गरजही नाही. सरावाच्या गोळीपेक्षा ती कित्येक पट महाग पडते. शिकणाऱ्याला हवी ती मधल्या दर्जाची, पण वर्षभर एकाच लॉटची गोळी. आपल्याकडे काडतुसं करण्याचं ज्ञान जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. ‘के.एफ.’ ही दोन अक्षरं काडतुसाच्या बुडावर आपल्या आजोबांनी बघितली असतील. २०२१ मध्ये हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. साताऱ्यापासून दोन-अडीच तासांवर एवढी विद्या बसलेली असताना, निशाणाच्या गोळीसाठी आमच्या मुलांनी आयातीच्या पेटीकडे डोळे लावून बसावं हे मला बरं वाटत नाही. लॉटवार चाचणी केलेली देशी .२२ गोळी जिल्ह्याच्या क्लबांना मिळावी, एवढं मागणं फार मोठं नाही.

आता दुसरी बाजू. गोळीची चौकशी करत हिंडताना प्रत्येक गावात मला विचारलं गेलं, की तुमची ही .२२ रानडुकराला चालेल का?

प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. पाटण तालुक्यात दिवाळीच्या तोंडावर भात पिवळं पडतं आणि कळप रात्री उतरतो. भुईमूग असेल तर नांगरल्यासारखी ओळ उकरून जातो. शिराळ्याकडे, चांदोलीच्या कडेला गवे येतात. सागरेश्वरच्या कुंपणातून बाहेर पडलेली हरणं पिकं खातात ही तिकडची जुनी तक्रार. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, कोयना आणि चांदोलीची रानं राखली गेली, ते योग्यच झालं. पण रानाची राखण सगळ्यांची आणि शेताची राखण एकट्याची, अशी आजची वाटणी आहे.

गंमत अशी, की हे दोन्ही प्रश्न कायद्याने शेजारी शेजारी लिहून ठेवलेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात परवाना द्यावा अशी जी मोजकी प्रकरणं सांगितली आहेत, त्यांत एकीकडे पीक राखायला ठासणीची बंदूक आहे आणि लगेच पुढे रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल आहे. म्हणजे कोणतं काम आणि कोणतं हत्यार हे तिथेच ठरवलेलं आहे. क्लबची .२२ शेतात न्यायची नसते.

कायदा बाजूला ठेवला तरी गोळीचाच हिशेब बसत नाही. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, नळीतून निघताना तिची ताकद १४० जूल. वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीचं कवच असतं. तिथे ही गोळी मारली तर जनावर पडत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. पहाटे पाणी पाजायला जाणाऱ्या माणसासमोर ते कोणत्या अवस्थेत येईल हे सांगायला नको. आणि नेम चुकला तर? .२२ च्या कित्येक पेट्यांवर छापलेलं असतं, की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. दीड मैल म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. आमच्याकडे एवढ्या अंतरात एक वाडी, दोन वस्त्या आणि ऊसतोड्यांच्या खोपी येतात.

अमेरिकेत पिकं आणि कुरणं नासणाऱ्या बारक्या जनावरांवर खास रायफली आणि गोळ्या असतात. हलकी गोळी, वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास, आदळताच चुरा होईल अशी पातळ कवचाची, म्हणजे दगडावरून उडून पुढे जायची भीती कमी. तिथली ती मैलोगणती मोकळी कुरणं, उजेडातली शिकार आणि किलो-दोन किलोचं जनावर. आमच्याकडे अंधार, डोक्याएवढा ऊस आणि मणभर किंवा त्याहून जड डुक्कर. तिकडची गोळी इकडे कामाची नाही आणि कायद्यातही बसत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर संरक्षित आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ६२ व्या कलमाखाली केंद्र सरकार ठरावीक भागापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं एखादं जनावर उपद्रवी ठरवू शकतं. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकरासाठी तसं केलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यावरून देशभर वाद झाला. मार्ग आहे, पण तो अर्जांचा आहे आणि कळप त्या रात्रीच येतो. या फटीत गावठी बॉम्ब शिरतो. कणकेत किंवा चरबीत स्फोटक घालून वाटेवर टाकायचं. डुकराचा जबडा उडतो. कधी गाईचा, कधी राखणीच्या कुत्र्याचा. याच्याइतकं नीच दुसरं काही मी या विषयात पाहिलं नाही.

पाटणकडच्या एका वाडीत आबा नावाच्या शेतकऱ्यांनी मला त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक दाखवली. परवान्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, हे त्यांना सवयीचं झालंय. त्यांनी दारू मापाने नळीत ओतली, काथ्याचा बोळा सारला, गजाने सावकाश ठासला. छर्रे घातलेच नाहीत. केप बसवली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. आवाज दरीत दोनदा घुमला. धुराचा वास बराच वेळ राहिला. छर्रे का नाहीत असं मी विचारलं तेव्हा त्यांनी खालच्या वस्तीतल्या दिव्यांकडे हात केला. आता शेताभोवती त्यांनी सौर कुंपणाची झटका मशीन बसवली आहे, आतल्या बाजूला जुन्या साड्या बांधल्यात, आणि तरी रात्री दोनदा उठून नुसत्या दारूचा एक बार काढतात. माळ्यावर गोफणही आहे. चाळीस-पन्नास पावलांवर गोफणगुंडा कुठे पडेल ते त्यांना अजून बरोबर सांगता येतं.

परतताना भाचीचा फोन आला. आता ती क्लबच्या .२२ वर आली आहे, झोपून मारायच्या प्रकारात. तिच्या नळीला मानवणाऱ्या लॉटच्या तीन पेट्या उरल्यात, म्हणजे दीडशे गोळ्या. राज्य स्पर्धेला सराव धरून त्यातल्या शंभर तरी लागतील. तिने पेट्यांवर पेन्सिलीने आकडे घातलेत आणि तोवर दुसऱ्या लॉटच्या गोळ्यांनी नुसता श्वास आणि चाप यांचा सराव करायचा ठरवलंय, गुण न मांडता. ‘मामा, तोच लॉट पुण्यात कुणाकडे आहे का बघतोस?’ एवढंच तिचं काम होतं. मी नंबर लिहून घेतला.